अक्षर ओळखावे आधी
(देवनागरी फॉन्ट ओळखणे, जुळवणे आणि दुरुस्त करणे या विषयावरील हस्तपुस्तिकेची प्रस्तावना)

कृतिदेव फॉन्टमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडला, की पडद्यावर रोमन लिपीतली पाच अक्षरे दिसतात : ई, जे, के, बी आणि एच. समोरचा माणूस म्हणतो, ‘फाईल करप्ट झाली.’ खरे तर फाईलला काहीही झालेले नसते. तिच्यात पहिल्या दिवसापासून हीच पाच अक्षरे साठवलेली असतात. ‘ई’च्या जागी ‘म’चे चित्र दाखवायचे, ‘जे’च्या जागी ‘र’चे, ‘के’च्या जागी काना, हे काम फॉन्ट करत असतो. फॉन्ट गेला की चित्रे जातात आणि उरते ते फक्त कळफलकावरच्या बोटांचे वळण.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, मासिके, पाठ्यपुस्तके, औषधांची वेष्टने, निवडणुकीची पत्रके, दिवाळी अंक अशी मराठी छपाईची कामे करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव असतो. तरीही देवनागरी फॉन्टची अडचण आली की आपल्याकडे एकच उपाय चालतो : दुसरा फॉन्ट लावून पाहायचा, तो चालला नाही तर तिसरा लावायचा. तेवढ्यात वेळ जातो, मजकुरात नव्या चुका शिरतात आणि मूळ दोष तसाच राहतो. ही सवय मोडावी म्हणून ही पुस्तिका लिहिली आहे.

पुस्तिकेचे सूत्र थोडक्यात सांगतो. देवनागरी फॉन्टचा कोणताही प्रश्न तीन थरांपैकी एका थरात असतो. पहिला थर साठवलेल्या मजकुराचा, म्हणजे फाईलमध्ये नेमके कोणते संकेतांक आहेत याचा. दुसरा थर चित्रांचा, म्हणजे फॉन्टमध्ये कोणत्या अक्षरांच्या आणि जोडाक्षरांच्या आकृती रेखाटलेल्या आहेत याचा. तिसरा थर जुळणीचा : संकेतांक वाचून योग्य आकृती निवडणारी आणि ती योग्य जागी बसवणारी यंत्रणा. मजकूर चुकला आहे, आकृती नाही, की जुळणी जमलेली नाही, हे ठरल्याशिवाय फाईलला हात लावू नये. ओळख आधी, दुरुस्ती नंतर.

हे तीन थर आजचे नाहीत. शिशाच्या खिळ्यांच्या काळात ते सगळे छापखान्यात डोळ्यांसमोर होते. हस्तलिखित हा मजकूर, केसमधले खिळे ही चित्रे आणि जुळणीचे काम करणारा जुळारी. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. शिळेवर जुळणीचा प्रश्नच नव्हता. लिहिणाऱ्याच्या हाताने जे उतरले ते छापले गेले. खिळ्यांच्या छपाईत मात्र देवनागरीची अवघड बाजू समोर आली. वर मात्रा आणि रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, आणि उच्चारात मागून येणारी पण लिहिताना पुढे बसणारी पहिली वेलांटी. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने १८६९ पासून जे देखणे वळण घडवले, त्याच्या मागे खिळे पाडणाऱ्यांचे कसब जेवढे होते तेवढेच ते खिळे अचूक जुळवणाऱ्यांचेही होते. कोणत्या अक्षराला कोणती वेलांटी पोचेल हे जुळाऱ्याला पाठ असे. या परंपरेचा सखोल अभ्यास बापूराव नाईकांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला. या विषयात काम करू पाहणाऱ्याने तो चाळायलाच हवा.

संगणक आला तेव्हा जुळाऱ्याचे ज्ञान यंत्रात उतरवायचे होते, पण सुरुवातीच्या डीटीपीत तसे झाले नाही. त्या फॉन्टमध्ये २५६ जागा असत आणि त्यांतल्याही सगळ्या वापरता येत नसत. त्या जागांत देवनागरीचे तुकडे बसवले गेले : अर्धी अक्षरे, काना, लहानमोठ्या वेलांट्या, मात्रा आणि रफारांचे जोड. सी-डॅकची मंडळी, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असे प्रत्येक घराणे वेगळे आणि प्रत्येकाची मांडणीही वेगळी. एकाच्या फाईलला दुसऱ्याचा फॉन्ट लावला तर देवनागरी अक्षरे दिसतात, पण वाचता येत नाहीत. वास्तविक १९९१ सालीच भारतीय मानक १३१९४ म्हणजे इस्की हे प्रमाण ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडच्या देवनागरी विभागात १२८ जागा आहेत. तिथे ‘म’ म्हणजे ‘म’च, मग फॉन्ट कोणताही असो. विंडोज २००० मध्ये देवनागरीचा आधार आला आणि त्यासोबत र. कृ. जोशींनी रेखाटलेला मंगल फॉन्ट घरोघर पोचला.

मग जुने फॉन्ट इतकी वर्षे का टिकले? मुद्रणाची सॉफ्टवेअरे तिसऱ्या थरात कच्ची होती, हे त्याचे मोठे कारण. २००१ साली आलेले पेजमेकर ७ हे त्या मालिकेतले शेवटचे. त्याला युनिकोड देवनागरी जुळवता येत नसे. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारा वर्ल्ड-रेडी कंपोझर आला तो २०१२ च्या सीएस ६ मध्ये. मधल्या काळात ऑपरेटरांची बोटे जुन्या कळफलकांना सरावली, प्रकाशकांकडे हजारो पानांच्या फाईली साठल्या आणि शीर्षकांसाठी लागणारी वळणांची विविधताही जुन्या संचांतच होती. म्हणून आजही एकाच टेबलावर दोन्ही जगे नांदतात आणि ऑपरेटरला दोन्हींची जाण लागते.

पुस्तिकेचा पहिला भाग ओळखीचा आहे. समोरचा फॉन्ट कोणता हे शोधताना डोळ्याआधी फाईलला विचारावे. पीडीएफ असेल तर ॲक्रोबॅटमध्ये दस्तऐवजाच्या गुणधर्मांत फॉन्टांची यादी मिळते. नावाच्या आधी सहा मोठी रोमन अक्षरे आणि अधिकचे चिन्ह दिसले, तर त्या फॉन्टमधली फक्त वापरलेली अक्षरे पीडीएफमध्ये भरली आहेत असे समजावे. खरे नाव चिन्हाच्या पुढे असते. यादी रिकामी आली, तर अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे नुसत्या रेषाकृती, झाले आहेत किंवा पान हे स्कॅन केलेले चित्र आहे. मग मात्र डोळा लागतो. चित्र दाखवून फॉन्ट ओळखून देणाऱ्या सेवा मुख्यतः रोमन लिपीवर तयार झाल्या आहेत. देवनागरीत त्यांच्यावर विसंबता येत नाही.

डोळ्याने पाहायचे तर शिरोरेषेपासून सुरुवात करावी. ती उभ्या दंडाइतकी जाड आहे की बारीक, शब्दाच्या टोकांना तिचा शेवट सरळ आहे की तिरपा? मग जाडबारीकपणा पाहावा : बोरूच्या कापाचा ताण वळणात दिसतो की रेषा सर्वत्र सारखी आहे? नंतर बोलकी अक्षरे घ्यावीत : अ, झ, ण, ल, श, क्ष, ज्ञ, आकड्यांत ५, ८ आणि ९. ‘द्ध’, ‘द्व’, ‘ह्म’, ‘श्च’, ‘क्त’ ही जोडाक्षरे एकाखाली एक बसली आहेत, एकमेकांत मिसळली आहेत की पाय मोडून सुटी ठेवली आहेत, यावरून फॉन्टचे घराणे कळते आणि त्याचा काळही कळतो. अनुस्वार गोल आहे, चौकोनी आहे की तिरप्या चौकटीसारखा, हा शेवटचा पुरावा. अनेकदा तोच निर्णायक ठरतो.

एक कसोटी मात्र सर्वांत आधी लावावी. नमुन्यातले एकच अक्षर दोन ठिकाणी शोधावे आणि दोन्ही आकृती एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. त्या तंतोतंत जुळल्या नाहीत, तर बहुधा तो फॉन्ट नाही, अक्षरलेखन आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची जी शीर्षके रेखाटली, त्यांतली अक्षरे त्या त्या नाटकासाठी जन्मली. त्यांचा फॉन्ट शोधणे व्यर्थ आहे. तिथे मूळ रेखाटनाची चांगली प्रत मिळवून तिच्यावरून रेषा काढणे हाच मार्ग, आणि त्या कलावंताचे श्रेय छापणे हे आपले कर्तव्य.

दुसरा भाग जुळवण्याचा. मूळ फॉन्ट मिळत नाही किंवा त्याचा परवाना नाही, तेव्हा त्याच्या जागी कोणता घ्यावा? दिसायला सारखा, एवढे उत्तर पुरत नाही. पुनर्मुद्रणात पाने तीच राहायची असतील, तर ओळीत किती अक्षरे बसतात हे पाहावे लागते. वेगवेगळ्या देवनागरी फॉन्टांत १२ पॉइंट म्हणजे दिसायला एकच आकार नव्हे. म्हणून आकडा बाजूला ठेवून शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची मोजावी आणि ती सारखी करावी. त्यानंतर एकच परिच्छेद दोन्ही फॉन्टांत कागदावर छापावा आणि डोळे किंचित मिटून दोन्हींचा करडेपणा ताडून पाहावा. पडद्यावर हा निवाडा करू नये.

देवनागरी आणि रोमन शेजारी येतात तेव्हा जुळणी आणखी नाजूक होते. रोमन लिपीत लहान आणि मोठी अशा दोन उंची आहेत, देवनागरीत शिरोरेषेखाली एकच पट्टा. चांगल्या जोडीत शिरोरेषा रोमनच्या लहान आणि मोठ्या अक्षरांच्या उंचीमध्ये कुठेतरी बसते. मुंबईच्या एक टाइप या गटाचा मुक्त, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद, गूगलचा नोटो या कुटुंबांत दोन्ही लिप्या एकत्र बसवूनच तयार केल्या आहेत. नवशिक्याने तिथून सुरुवात करावी. ओळींमधले अंतर मात्र नेहमी देवनागरीवरून ठरवावे, कारण वरचा रफार-अनुस्वार आणि खालचा उकार यांना जागा लागते. आणखी तीन पथ्ये आहेत. अक्षरांमधले अंतर ताणू नये, शिरोरेषा तुटते. बोल्ड वजन नसेल तर अक्षरांना बाहेरून रेषा देऊन ती जाड करू नयेत, ‘क्ष’ आणि ‘ष्ठ’ यांच्या पोकळ्या बुजतात. आणि सॉफ्टवेअरने तिरपी केलेली अक्षरे वापरू नयेत. भर देण्यासाठी देवनागरीत वजन आहे, आकार आहे, रंग आहे.

मराठीसाठी जुळवताना आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे आहेत आणि महाराष्ट्र शासनाने २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयात त्यांनाच प्रमाण मानले. अनेक चांगल्या फॉन्टांत ही रूपे दडलेली असतात. मजकुराची भाषा मराठी आहे ही खूण लावली तरच ती बाहेर येतात. इनडिझाइनमध्ये अक्षरांच्या पट्टीत भाषा मराठी निवडावी लागते, संकेतस्थळावर भाषेचा संकेत ‘एमआर’ असा द्यावा लागतो. भाषा हिंदी ठेवली तर तोच फॉन्ट दंडाचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ देईल. तिरो देवनागरीच्या कर्त्यांनी तर हिंदी, संस्कृत आणि मराठी असे तीन वेगळे फॉन्टच दिले आहेत. मराठी पुस्तकात मराठी ‘ल’ नसणे ही माझ्या मते मुद्रणाचीच चूक आहे आणि प्रूफ वाचणाऱ्याने तिच्यावर खूण केली पाहिजे.

तिसरा भाग दुरुस्तीचा, आणि तोच सर्वांत मोठा आहे. लक्षणावरून थर कसा ओळखावा हे तिथे सविस्तर येते. मुख्य लक्षणे इथे सांगून ठेवतो. मराठीच्या जागी अर्थहीन रोमन अक्षरे आली, तर मजकूर जुन्या मांडणीचा आहे आणि त्याचा फॉन्ट गैरहजर आहे. तोच फॉन्ट मिळवावा किंवा त्याच मांडणीचा परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर ठीक आहे, फॉन्टमध्ये ती आकृती नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसले, तर मजकूर आणि फॉन्ट दोन्ही ठीक असण्याचीच शक्यता मोठी. जुळणी बंद आहे. परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावला की पान सरळ होते. मात्रेखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसले, तर त्या मात्रेला आधाराचे अक्षर नाही, म्हणजे टंकनात क्रम चुकला आहे.

काही दुखणी खास मराठीची आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ च्या ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधीच्या फॉन्टांत ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ लिहिले की चौकोन येतो. त्यामुळे कित्येक जण अजून ‘अ’वर चंद्र देऊन हे अक्षर बनवतात. कागदावर दोन्ही सारखी दिसतात, पण फाईलमध्ये शोध घेताना एकाने दुसरे सापडत नाही. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’मधल्या अर्ध्या ‘र’चेही तसेच. परिवर्तकाने तो गाळून रफार बसवला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि ‘आचाऱ्यास’ बोलावलेले आमंत्रण ‘आचार्यास’ जाते. शुद्धलेखन तपासणीला यात चूक दिसत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. म्हणून रूपांतरानंतर अर्धा ‘र’, रफार, पहिली वेलांटी, अवतरणचिन्हे आणि मजकुरात मिसळलेले इंग्रजी शब्द या पाच ठिकाणी माणसानेच नजर फिरवली पाहिजे.

जुन्या मांडणीच्या फाईलींना वर्डसारख्या सॉफ्टवेअरमधल्या आपोआप होणाऱ्या सुधारणांचाही धोका असतो. कृतिदेवमध्ये अर्धा ‘श’ आणि अर्धा ‘ष’ अवतरणचिन्हांच्या कळेवर आहेत. सॉफ्टवेअरने सरळ अवतरणे वळणदार केली की ती अक्षरे बदलतात. वाक्याचे पहिले अक्षर आपोआप कॅपिटल झाले की पूर्ण ‘म’ अर्धा होतो. जुनी फाईल उघडण्याआधी या सोयी बंद कराव्यात आणि मूळ प्रत वेगळी ठेवूनच काम करावे. मॅकवरच्या जुन्या संग्रहांची आणखी एक अडचण आहे. अडोबीने २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पोस्टस्क्रिप्ट टाइप १ प्रकारच्या फॉन्टचा आधार काढून घेतला आहे. तोपर्यंत सुरळीत उघडणारी फाईल आज फॉन्ट नाही असे सांगते, जरी तो फॉन्ट डिस्कवर जागच्या जागी असला तरी.

छापखान्यात फाईल देताना कर्व्ह करून देण्याची आपल्याकडे रीत आहे आणि फ्लेक्ससाठी ती योग्यही आहे. पण कर्व्ह केलेली फाईल म्हणजे मजकूर नव्हे. तिच्यात शोध घेता येत नाही, चूक सुधारता येत नाही, पुढची आवृत्ती काढता येत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात : जिवंत मजकुराची मूळ फाईल, पॅकेज करून फॉन्टांसह बांधलेला संच आणि छपाईसाठीची पीडीएफ. इनडिझाइन पॅकेज करताना फॉन्टांचा वेगळा फोल्डर करते आणि तो फाईलशेजारी असला की त्यातले फॉन्ट स्वतः उचलते. एकाच नावाच्या दोन वेगळ्या फॉन्टांमुळे होणारे घोळ यानेच टळतात. फॉन्ट परवान्याचा असेल, तर तो बाहेर देण्याची मुभा आहे का हे आधी पाहावे. नाव बदलून फिरणाऱ्या चोरट्या प्रती अनेकदा आतून मोडलेल्या असतात, आणि देवनागरीचा फॉन्ट घडवायला रोमनच्या कितीतरी पट आकृती रेखाटाव्या लागतात. त्या कष्टांचे मोल न देता आपल्या भाषेला चांगली वळणे मिळावीत अशी अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

या सगळ्याचे महत्त्व एखाद्या पत्रिकेपुरते नाही. डीटीपी आल्यापासून युनिकोड रुळेपर्यंत मराठीत जे छापले गेले, त्याचा मोठा भाग जुन्या मांडणीच्या फाईलींत पडून आहे. त्यात कथा-कादंबऱ्या आहेत, गावांचे इतिहास आहेत, छोट्या संस्थांच्या स्मरणिका आहेत, बंद पडलेली नियतकालिके आहेत. ते फॉन्ट आणि ती यंत्रे ओळखणारी माणसे निवृत्त होत आहेत. त्यांच्याकडचे ज्ञान लिहून ठेवले नाही, तर मजकूर डिस्कवर असूनही वाचता येणार नाही. एका पुस्तिकेने हे काम पुरे होणार नाही. पण कोणता फॉन्ट कोणत्या मांडणीचा हे ओळखता येणारी नवी पिढी तयार झाली, तर ते पुढे नक्की जाईल.

वाचकाने ही पुस्तिका क्रमाने वाचायची गरज नाही. अडचण समोर असेल तर तिसऱ्या भागातली लक्षणे पाहून थर ओळखावा आणि मग संबंधित प्रकरणाकडे जावे. निवांतपणा असेल तेव्हा पहिला भाग हातात घेऊन जुनी-नवी छापील पाने शेजारी ठेवावीत आणि अक्षरे पाहण्याचा सराव करावा. डोळा फक्त पाहूनच तयार होतो.

शेवटी प्रकाशकांना, मुद्रकांना आणि टेबलावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. नवे काम युनिकोडमध्येच करा. जुन्या फाईली फॉन्ट उपलब्ध आहेत तोवर रूपांतरित करून घ्या. आणि प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रकाच्या नावाखाली आणखी एक ओळ छापा : वापरलेल्या फॉन्टचे नाव, त्याची आवृत्ती आणि त्याच्या कर्त्याचे नाव. या ओळीला खर्च काही नाही, आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळी फाईल ज्याच्या हाती पडेल त्याचे निम्मे काम ती करून ठेवेल.